अस्सल आणि नक्कल : पलासियातील थाई ताटाच्या निमित्ताने

कोर्टकचेरीच्या मराठीत ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ ही जोडी फार जुनी आहे. दस्तऐवज हजर करावयाचा तो अस्सल असावा. नक्कल आणावयाची झाल्यास अस्सल का आणता आला नाही ते आधी सांगावे, हा पुराव्याच्या कायद्याचा साधा दंडक. १८७२ चा पुरावा अधिनियम जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, तरी या दंडकाचे मर्म बदललेले नाही. अरबीतून आलेला आणि पेशवाईच्या कागदोपत्री रुळलेला हा ‘अस्सल’ शब्द आता वकिलाच्या मेजावरून उठून उपाहारगृहाच्या पाटीवर जाऊन बसला आहे. अस्सल मालवणी, अस्सल पंजाबी, अस्सल मोगलाई या पाट्या आपल्या अंगवळणी पडल्या होत्याच. आता त्यांच्या पंक्तीला ‘अस्सल थाई’ येऊन बसले आहे. इंदूरच्या भोजनपत्रिकांतही ‘थाई करी’ हे नाव नवलाचे राहिलेले नाही. तेव्हा उद्या पलासियाच्या हमरस्त्यावर कोणी केवळ थाई अन्नाचे, आणि तेही अस्सल, असे उपाहारगृह उघडले, तर त्याच्या दाव्याची परीक्षा कोणत्या कसोट्यांवर करावयाची, याचा विचार आधीच करून ठेवलेला बरा.

खाण्यापिण्याच्या गोष्टींची एवढी मीमांसा कशाला, असा आक्षेप येथे कोणी घेईल. परंतु आपल्या मंडळींत अन्न हा केवळ जिभेचा विषय कधीच नव्हता. नैवेद्याला काय चालते, चातुर्मासात काय वर्ज्य, समाराधनेच्या पंक्तीत कांदा-लसूण का नाही, हे प्रश्न आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या विचारले गेले आहेत. ज्या सारस्वत घरात सोमवारी मासळीचे नाव निघत नाही त्याच घरात बुधवारी सुंगटांची आमटी आवडीने होते. म्हणजे प्रश्न मासळी वाईट की चांगली हा नाही. आज माझ्या पानात काय वाढले आहे, हे मला ठाऊक असले पाहिजे, एवढाच आहे. पाटीवरील ‘अस्सल’ या शब्दाचा आणि या ठाऊक असण्याचा संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे.

प्रथम पलासियाचीच साक्ष काढू. न्यू पलासियातील ‘छप्पन दुकान’ हा खवय्यांचा बाजार आता देशभर माहीत झाला आहे; अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ साली त्याला स्वच्छ खाद्यबाजार म्हणून मान्यता दिली. तेथे ‘हॉट डॉग’ या नावाने जो पदार्थ विकला जातो त्याचे अमेरिकेतील त्या नावाच्या पदार्थाशी नाते नावापुरतेच आहे. लांबट सॉसेज नाही, तसला पाव नाही. गोल पावात तव्यावर खरपूस केलेली टिक्की, आणि तीही बटाट्याची मिळते. त्याच्याच शेजारी अंड्याचा ‘बेंजो’. थोडे पुढे खोपरा पॅटिस, म्हणजे समुद्र कधी न पाहिलेल्या माळव्याने नारळाला बटाट्याच्या कवचात घालून केलेला पाहुणचार. या बाजाराने परकी नावे घेतली, पण ‘अस्सल अमेरिकन’ असा दावा केला नाही. म्हणून येथे कोणाची फसवणूकही झाली नाही. इंदूरकराला विचाराल तर तो सांगेल की हा आमचा हॉट डॉग आहे. आणि त्याचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. तक्रारीला जागा उत्पन्न होते ती दावा केल्यानंतर.

आता दावा करणाऱ्यास विचारू की, थाई अन्नातील अस्सल ते कोणते? येथेच पहिली अडचण उभी राहते. ‘पॅड थाई’ हा परतलेल्या शेवयांचा पदार्थ आज जगभर थायलंडची खूण म्हणून ओळखला जातो. त्यातील शेवया आणि परतण्याची रीत चिनी आहे. आणि त्याला राष्ट्रीय पदार्थाचे पद मिळाले ते पिबुनसोंगक्राम यांच्या राजवटीत, म्हणजे १९३९ साली सयामचे नाव बदलून थायलंड झाले त्या सुमाराच्या राष्ट्रबांधणीच्या मोहिमेत. ‘मस्समन’ करीचे नावच मुसलमानांवरून आले. दालचिनी, वेलदोडा, जायफळ घातलेल्या या करीची वाखाणणी दुसऱ्या राम राजाच्या नावावर असलेल्या खाद्यवर्णनपर काव्यात आढळते. आणि मिरची? तिच्यावाचून थाई जेवणाची कल्पना करवत नाही. पण ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीज १५१० साली गोव्यात आले, १५११ साली त्यांनी मलाक्का घेतले आणि त्याच वर्षी त्यांचा वकील अयुथ्येच्या दरबारी पोहोचला. आपल्या तिखटाचा आणि थाई तिखटाचा प्रवास असा एकाच गलबतांच्या मार्गाने झालेला आहे. गोव्यातील बिबिंक अंड्याच्या बलकाने समृद्ध होते. थायलंडात ‘फोय थोंग’ म्हणून सोनेरी तारांची जी मिठाई करतात तीही बलकाचीच, पोर्तुगीज मिठाईची लेक. सतराव्या शतकात राजा नाराय याच्या काळी मारिया गियोमार या पोर्तुगीज-जपानी वंशाच्या स्त्रीने ती अयुथ्येत रुजविली, असे परंपरेने मानतात.

यावर हसण्यापूर्वी आपण आपल्या एकादशीच्या फराळाकडे पाहावे. साबूदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला, दाणे तिकडचेच, बटाटाही तिकडचा, हिरवी मिरचीही तिकडची. आषाढी एकादशीला जी खिचडी आपण सर्वांत पवित्र समजून खातो, आणि जी इंदूरच्या सराफ्यात रात्री उशिरापर्यंत गरमागरम मिळते, तिच्यातील बहुतेक ऐवज कोलंबसापूर्वी या भूमीवर कोणी पाहिलाही नव्हता. एवढेच नव्हे, तर त्या कसाव्याच्या पिठाचा आजचा जगातील आघाडीचा निर्यातदार देश म्हणजे हा थायलंडच! तरीही खिचडी आपली आहे. कारण तिला आपले करणारी गोष्ट जिनसांच्या जन्मस्थानात नाही. पिढ्यांच्या वापरात आणि व्रताच्या संकल्पात आहे. पदार्थाचा अस्सल दस्तऐवज कोणत्याही दफ्तरात ठेवलेला नसतो. प्रत्येक स्वयंपाकघरात रोज नवी नक्कल होते, आणि नकलांच्या अखंड परंपरेलाच आपण अस्सल म्हणतो.

थायलंडच्या सरकारला हे मान्य नसावे. परदेशांतील थाई उपाहारगृहांना तेथील वाणिज्य मंत्रालय ‘थाई सिलेक्ट’ नावाचे प्रमाणपत्र देते. २०१४ च्या सुमारास तर पदार्थाची चव अस्सल आहे की नाही हे मोजणारे एक यंत्रही तेथे तयार करण्यात आले. २०२४ साली ‘टॉम यम कुंग’ हे कोळंबीचे आंबट-तिखट सार युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेले. आपल्या अन्नाचा अभिमान धरण्यात वावगे काही नाही. परंतु यंत्राने मोजलेले आम्ल आणि क्षार म्हणजे चव नव्हे. ते फार तर चवीचे पंचनामापत्र होय.

मग अस्सल असे काही नसतेच, सबब वाटेल ते वाटेल त्या नावाने खपवावे, असा निष्कर्ष काढावयाचा काय? मुळीच नाही. जन्मस्थानाची कसोटी निरुपयोगी ठरली, एवढ्याने सर्व कसोट्या मोडीत निघत नाहीत. येथे थाई भाषाच आपल्या मदतीला येते. थाई भाषेत अन्नाला ‘आहान’ म्हणतात. तो आपला आहार. चवीला ‘रोत’ म्हणतात. तो आपला रस. मोठ्या भोजनगृहाला ‘फत्ताखान’ म्हणतात. तो पालीतील भत्त आणि आगार यांचा समास. रस हा शब्द ज्या संस्कृतीने स्वयंपाकघरात जपला तिच्या पाकक्रियेची परीक्षा रसाच्याच मापाने झाली पाहिजे.

थाई जेवणातील रसव्यवस्था आपल्या ताटासारखी आहे. आपण डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी वाढतो. लोणच्याचा खार एकट्याने खाण्यासाठी नसतो, तो ताटाच्या हिशेबात असतो. थाई जेवणातही भात मध्ये आणि भोवती एक आंबट, एक तिखट, एक सौम्य, एक कुरकुरीत अशी मांडणी असते. तिला ‘सामराप’ म्हणतात. खारट, आंबट, गोड आणि तिखट यांचा तोल एकाच पदार्थात साधला नाही तरी चालेल. तो एकूण पानात साधला पाहिजे. आपल्याकडील हॉटेलांतील ‘थाई करी’ प्रथम चुकते ती येथे. तांबडी, हिरवी की पिवळी, एवढाच प्रश्न गिऱ्हाइकास विचारला जातो, जणू चौकातील दिव्यांतून एक निवडावयाचा आहे. मग एका वाडग्यात एका माणसापुरते दाट, गोडसर, साय घातल्यासारखे पिठूळ कालवण येते. त्यात बेबी कॉर्न आणि मश्रूम पोहत असतात. हे खाऊन कोणी आजारी पडत नाही. पण त्यातून थाई रसाची ओळख होत नाही.

दुसरी चूक हाताची. थाई करीचा मसाला दगडी खलात कुटावयाचा असतो. मिरची, गवती चहा, कुळंजन, मकरूट लिंबाची साल ही एकामागून एक, चिवट जिन्नस आधी या क्रमाने कुटली जातात, तेव्हा त्यांचे तेल सुटते. पाट्यावर वाटलेली आणि यंत्रात भरडलेली चटणी यांतील अंतर ज्या आजीच्या नातवंडांस ठाऊक आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. पुढे नारळाचा दाट रस कढईत आटवून त्याचे तेल वेगळे होऊ द्यावयाचे आणि त्या तेलात मसाला परतावयाचा, ही थाई करीची खरी किल्ली. डब्यातील नारळाच्या दुधात ते फुटू नये म्हणून द्रव्ये मिसळलेली असतात; त्यामुळे ते मनासारखे फुटत नाही, करीवर तेलाचे लालसर डोळे येत नाहीत, आणि चव वरवरची राहते. पाटीवर ‘अस्सल’ लिहिणाऱ्याने डबा उघडण्याऐवजी नारळ फोडावा, ही अपेक्षा अवास्तव नाही. पलासियापासून थोड्याच अंतरावर खजराण्याचा गणपती आहे. इंदुरात नारळ नाही असे कोण म्हणेल? माळव्यात तो देवळापर्यंत पोहोचला आहे, स्वयंपाकघरापर्यंत फारसा पोहोचला नाही, एवढेच.

या दोन कसोट्यांवर उतरलेले उपाहारगृह आपल्याकडे झालेच नाही असे नाही. मुंबईत कफ परेडवरील प्रेसिडेंट हॉटेलात १९९० नंतरच्या दशकात ‘थाई पॅव्हिलियन’ची प्रतिष्ठा वाढली ती आनंद सॉलोमन या पाकशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली. पुढे ताज समूहातील नोकरी संपल्यावर त्यांनी अंधेरीत ‘थाई नाम’ काढले. परंतु या नियतकालिकाच्या वाचकांना अधिक रुचेल अशी गोष्ट निराळीच आहे. त्याच हॉटेलात, त्याच सॉलोमन यांनी, ‘कोकण कॅफे’ नावाचे कोकणपट्टीच्या अन्नाचे उपाहारगृहही उभे केले. एका छपराखाली थाई आणि कोकणी ही दोन्ही स्वयंपाकघरे एकाच माणसाने चालवावी, हा निव्वळ योगायोग मानावयास माझे मन तयार नाही.

कारण या दोन किनाऱ्यांचे नाते जवळचे आहे. नारळाचा रस, चिंच, मासळी, तांदूळ, ही तर उघड गोष्ट. माडाचें गोड आपल्याकडे पातोळ्यांत जाते, तिकडे माडाचा व ताडाचा गूळ करीत आणि कोशिंबिरीत जातो. आपला गवती चहा परसातून चहाच्या आधणापलीकडे गेला नाही. तिकडे तो स्वयंपाकाचा कणा झाला. उत्तर थायलंडातील ‘मा-ख्वेन’ हे आपल्या तिरफळाच्या कुळातील फळ. दक्षिण थायलंडातील माशाच्या आंबट कालवणात पडणारे ‘सोम खेक’ हे आमसुलाच्या कुळातील. या ‘खेक’ शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा; थाई लोक पश्चिमेकडून समुद्रमार्गे आलेल्या भारतीयांना आणि इतरांनाही तो लावतात. आपला गालमो किंवा जवळा उन्हात वाळतो. तिकडे तशीच बारीक कोळंबी मिठात आंबवून, कुटून तिचा लगदा करतात. त्याला ‘कापी’ म्हणतात. म्हणून कोकणी जीभ असलेला माणूस थाई अन्नाचा चांगला परीक्षक होऊ शकतो. ओळखीचे काय आणि अनोळखी काय, हे त्याला पहिल्या घासाला कळते.

आता कापीचे नाव निघाले, तेव्हा मूळ वादाकडे वळणे भाग आहे. थाई स्वयंपाकात मीठ प्रायः मिठाच्या रूपाने येत नाही. ते ‘नाम प्ला’ म्हणजे आंबविलेल्या माशाच्या निथळाच्या रूपाने येते; आणि करीच्या बहुतेक मसाल्यांत कापी कुटलेली असते. याचा अर्थ असा की, ज्या करीत एकही मासा दिसत नाही, जिच्यात केवळ वांगी आणि बांबूचे कोंब आहेत, तीही निरामिष असेलच असे नाही. एका शहरातील एका उपाहारगृहात (त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही) मी वाढप्याला विचारले, “या भाजीच्या करीत मासळी आहे काय?” तो अत्यंत आदबीने म्हणाला, “नाही साहेब, मासळी नाही. थोडा सॉस आहे.” त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता. बाटलीतील मासा हा मासा असतो हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

या प्रसंगात थाई उपाहारगृहाच्या पाटीवरचा खरा पेच आहे. एका बाजूला ‘अस्सल थाई’ आणि दुसऱ्या बाजूला ‘शुद्ध शाकाहारी’, अशी दोन वाक्ये एकाच पाटीवर लिहिली असतील आणि त्यांच्या मध्ये खुलासा नसेल, तर त्यांतील एक वाक्य बहुधा खोटे आहे. कोणते, ते स्वयंपाकघरात शिरल्यावाचून कळत नाही. कायद्याची यावर दृष्टी स्पष्ट आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक विनियमांप्रमाणे प्राण्याचा कोणताही अंश ज्यात आहे ते अन्न मांसाहारी. अपवाद दूध, मध यांसारख्या मोजक्या गोष्टींचा. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका याचिकेवर आदेश देताना याहूनही ठामपणे सांगितले की, प्राणिज घटकाचे प्रमाण कितीही अल्प असो, तो घटक वनस्पतिज की प्राणिज याचा पूर्ण खुलासा अन्नव्यावसायिकांनी केला पाहिजे. ताटात काय आहे हे जाणण्याचा नागरिकाचा हक्क त्याच्या श्रद्धेशीही निगडित आहे. माझ्या मते हा आदेश शाकाहाराचा विजय म्हणून वाचू नये. तो माहितीच्या हक्काचा आदेश आहे. बुधवारी मासळी खाणाऱ्या सारस्वतालाही सोमवारी त्याचा तेवढाच उपयोग आहे.

तुळशीचा प्रश्न याहून नाजूक. थायलंडात ‘कफ्राव’ नावाच्या पाल्याबरोबर मांस परतून भातावर वाढतात. रस्त्यावरील कष्टकऱ्यांचे हे रोजचे जेवण. हा कफ्राव म्हणजे आपल्या वृंदावनातील तुळस होय. थाई माणसाच्या मनात यात अनादर नाही. त्याच्या दृष्टीने ती मिऱ्यासारखी झणझणीत भाजी आहे. पण ज्या घरात तुळशीचे पान विष्णूला वाहिल्यावाचून तोडीत नाहीत त्या घरातील माणसाला हे पान मांसात शिजलेले पाहून अन्न गोड लागणार नाही, हेही तितकेच खरे. येथे पलासियातील उपाहारगृहाने काय करावे? माझे उत्तर असे की, त्याने ‘होरफा’ हा थाई स्वयंपाकातलाच दुसरा पाला वापरावा आणि पत्रिकेवर तसे लिहावे. गिऱ्हाइकाच्या श्रद्धेस मान देण्यासाठी अस्सलपणात केलेली ही घट लाजिरवाणी नाही. लाजिरवाणी गोष्ट एकच : बदल करावयाचा आणि तो लपवावयाचा.

नकलेच्या पुराव्याचा दंडक मी आरंभी सांगितला तो यासाठीच. न्यायालय नक्कल नाकारीत नाही. अस्सल का हजर करता आले नाही, याचा पाया घातल्यावर नक्कल सन्मानाने दाखल होते. उपाहारगृहाचेही तसेच. मकरूट लिंबाचे पान मिळाले नाही, त्याऐवजी अमुक वापरले. नाम प्ला वगळले, त्याऐवजी तमुक घातले. असे दोन ओळींत छापणारा मालक हा अस्सलतेचा खरा उपासक. गुपचूप बदल करणारा मात्र नक्कल अस्सल म्हणून दाखल करतो. आणि न्यायालयात अशा कृत्याला काय नाव आहे ते वाचकांना सांगावयास नको.

मग अस्सल आणि निरामिष यांचा मेळ बसणारच नाही काय? बसतो; आणि तो घालून देणारा दुसरा कोणी नसून थायलंडच आहे. तेथे निरामिष आहाराला ‘मांगसाविरात’ असा शब्द आहे. संस्कृत मांसविरती त्यात जशीच्या तशी बसलेली दिसेल. आणि त्याहून कडक असा दुसरा आचार म्हणजे ‘जे’. चिनी वंशाच्या लोकांनी आणलेल्या या आचारात मांस, मासे, अंडी तर नाहीतच. दूध नाही, आणि कांदा व लसूणही नाही. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या शुद्ध प्रतिपदेपासून नऊ दिवस हे व्रत चालते. फुकेतमध्ये त्याचा मोठा उत्सव होतो, आणि बँकॉकच्या गल्लोगल्ली अन्नाच्या गाड्यांवर पिवळी निशाणे लागतात. चिनी नववा महिना म्हणजे प्रायः आपला आश्विन. म्हणून बहुतेक वर्षी हे नऊ दिवस आपल्या नवरात्राबरोबरच येतात : २०२३ साली दोन्हींचा आरंभ १५ ऑक्टोबरला झाला, २०२४ साली ३ ऑक्टोबरला. २०२५ साली चिनी पंचांगात अधिक महिना आल्याने अंतर पडले. ज्या दिवसांत बँकॉकच्या सिलोम भागातील मारियम्मन देवळात नवरात्र बसते, त्याच दिवसांत शेजारच्या गाडीवर कांदा-लसणावाचून शिजलेले थाई अन्न मिळावे, याहून आपल्या पंक्तीला अधिक जवळचा दाखला कोणता?

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. कापीवाचून केलेली करी ही कापी घातलेल्या करीसारखी लागत नाही. आंबविलेल्या कोळंबीने येणारी खोली मिठाने भरून निघत नाही. पण ही उणीव थायलंडातील डोंगराळ उत्तरेलाही जाणवली होती. समुद्र तेथून दूर. तेथील लोकांनी सोयाबीन उकडून, आंबवून, कुटून त्याच्या पातळ चकत्या उन्हात वाळविल्या, आपण कुरडया-पापड वाळवितो तशा. या ‘थुआ नाव’ चकत्या भाजून मसाल्यात कुटल्या की कापीचे काम बऱ्याच अंशी करतात. हे वाचून इंदूरकराच्या ध्यानात काही येते काय? समुद्र दूर, पठार उंच, आणि भोवती सोयाबीनचे रान. माळवा हा भारतातील सोयाबीनचा बालेकिल्ला. देशाची सोयाबीन संशोधन संस्थाही इंदुरातच आहे. चिआंग मायने जो प्रश्न सोयाबीनने सोडविला तो पलासियाला बँकॉकहून बाटल्या मागवून सोडविण्याचे कारण नाही. माळव्यातील दाणा आंबवून, त्याची थुआ नाव येथेच करून, तिच्यावर जो कोणी निरामिष थाई ताट उभे करील, त्याने नक्कल केली असे म्हणता येणार नाही. थाई लोकांनी आपल्या भूमीशी जसा तह केला तसाच तह त्याने आपल्या भूमीशी केला, असे म्हणावे लागेल.

तेव्हा पलासियातील भावी थाई उपाहारगृहाकडून माझ्या मागण्या थोड्या आहेत. मसाला खलात कुटलेला असावा. नारळ फोडलेला असावा. वाडगे न वाढता पान वाढावे. म्हणजे चार माणसांनी मिळून खाता येईल असे आंबट, तिखट, सौम्य यांचे ताट असावे. मासळी असेल तेथे मासळी आहे असे लिहावे, नसेल तेथे तिच्या जागी काय आहे ते लिहावे. दाण्यांचा कूट ज्या पदार्थांत आहे त्यांवर तशी खूण असावी, कारण कित्येकांना दाणे सोसत नाहीत. निरामिष पदार्थांची भांडी व कढई निराळी असावी. आणि नवरात्रात नऊ दिवस ‘जे’ आचाराचे ताट अवश्य ठेवावे. एवढे केले तर पाटीवर ‘अस्सल’ हा शब्द लिहिला काय आणि न लिहिला काय, सारखेच. न केले, तर तो शब्द सोन्याच्या अक्षरांत लिहूनही उपयोग नाही.

उपाहारगृहांची परीक्षा करणारे आपले लेखन बहुधा दोन टोकांना जाते. एक तर परदेशी नावाने दिपून जाऊन स्तुतिपाठ करावयाचा, नाहीतर आपल्या घरच्या वरणभाताची थोरवी गाऊन बाकी सर्व त्याज्य ठरवावयाचे. दोन्हींत परीक्षा नाही. दुसऱ्याच्या ताटाकडे आपण आपल्या जिभेने आणि आपल्या विवेकाने पाहावे, आणि ज्याने ते वाढले त्याच्याकडून खरे बोलण्याची अपेक्षा करावी. जो माणूस देवापुढे नैवेद्य ठेवताना त्यात काय आहे हे जाणून असतो, त्याने परक्याच्या पंक्तीत बसतानाही तेवढीच चौकशी केली, तर त्यात यजमानाचा अवमान नाही. उलट, ज्याला आपल्या अन्नाबद्दल खरे सांगता येते त्या यजमानाला अशी चौकशी आवडेलच.